आठल्ये या वेळी पडणारच

आमच्या कुवेतच्या मंडळाचं एक होतं. सभासद दरवर्षी थोडे गळायचे, कोणाचं कॉन्ट्रॅक्ट संपायचं, कोणाची मुलं मोठी व्हायची. किस्से मात्र मागे राहायचे. नव्वद-एक्याण्णव साली तर माणसं अशी पांगली की किस्से सांगायचे कोणाला हाच प्रश्न पडावा. आज चौघं जमला आहात, तर सांगते. सगळे एकाच माणसाभोवतीचे आहेत. आमचे अध्यक्ष, आठल्ये. पुढच्या निवडणुकीत ते पडणार, यावर सगळ्या मंडळाचं एकमत होतं. मंडळात एकमत झालेली ती एकच गोष्ट.

*

आठल्ये एका हॉस्पिटलच्या स्टोअरचे प्रमुख. वेळेचे पक्के. कार्यक्रम सहाचा असेल तर सहाच्या ठोक्याला स्वतः हॉलचं दार आतून लावून घ्यायचे.

एका स्नेहसंमेलनाला त्यांनी असंच दार लावलं, माईकसमोर गेले आणि प्रमुख पाहुण्यांचं स्वागत करू लागले. पाहुणे बाहेर होते. दार वाजत होतं. आठल्ये न थांबता पाहुण्यांच्या वक्तशीरपणावर बोलत होते.

शेवटच्या रांगेतून माझा नवरा वसंत उठला. "अध्यक्ष," तो म्हणाला, "पाहुणे दार ठोठावून आभार मानताहेत."

*

दुसरी त्यांची हौस फॉर्मची. भारतात सरकारी नोकरीत असताना ते हिरव्या शाईने सह्या करायचे. नोकरी सुटली, शाई सुटली नाही. कुवेतमध्ये हिरव्या शाईचं पेन वापरणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

एका कोजागरीला त्यांनी घरोघर फॉर्म पाठवले. माणसं किती, मुलं किती, दूध गोड हवे की अगोड. वसंतने भरून पाठवलं : "माणसं दोन. दूध गोड. भाषण नको."

दुसऱ्या दिवशी फॉर्म परत आला. खाली हिरव्या शाईत एक ओळ : "भाषण ऐच्छिक नाही."

वसंतने तो फॉर्म फ्रिजवर चिकटवून ठेवला होता.

*

विरोधी पक्षाचं मुख्य कार्यालय म्हणजे हवल्लीतलं हसनभाईंचं किराण्याचं दुकान. हसनभाई रत्नागिरीचे. दोन्ही पक्षांना सारखाच चहा पाजायचे आणि मत कोणाला हे सांगायचे नाहीत. विरोधकांचे सेनापती नाना साळुंखे, एक्स-रे टेक्निशियन, राहायला खैतानला. शुक्रवारी सकाळी पोत्यावर बसून ते बोटांवर मतं मोजायचे.

"खैतान सगळं आपलं. हवल्ली कुंपणावर. जाब्रियात डॉक्टर लोक त्यांचे, पण डॉक्टरांना मतदानाला वेळ कुठाय? आठल्ये या वेळी पडणारच. त्यांचं नक्की मत एकच, त्यांच्या बायकोचं."

आतून हसनभाई म्हणाले, "नाना, त्या भाभी परवा इथंच विचारत होत्या, तुमच्यातर्फे कोण उभं आहे म्हणून."

उभा राहणार होता वसंत. नव्वदच्या निवडणुकीला.

*

त्या वर्षी फेब्रुवारीत वसंत गेला. सकाळी क्लिनिकमध्ये औषधं देत होता, दुपारी आमच्याच हॉस्पिटलच्या आयसीयूत होता. मी तिथे लॅबमध्ये होते. त्याचे रिपोर्ट माझ्याच टेबलावर आले.

सगळ्यांच्या आधी आठल्ये आले. खुर्ची ओढून समोर बसले, पेन काढलं आणि म्हणाले, "पासपोर्ट नंबर?"

तीन दिवस ते कागद घेऊन या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरत होते. वसंतला घेऊन मी विमानात बसले तेव्हा माझ्या हातात जाडजूड पाकीट होतं, सगळ्या कागदांच्या प्रती क्रमाने लावलेल्या. पण सांत्वनाचा एक शब्द ते बोलले नाहीत. कामं झाली त्याबद्दल मी आभार मानले. त्या न बोललेल्या शब्दाची अढी मात्र मनातून गेली नाही.

*

सव्वा महिन्याने मी ड्यूटीवर परतले. मुलगी पुण्यात शिकत होती, नोकरी सोडून चालणार नव्हतं. पहिल्याच शुक्रवारी नाना घरी आले. चहा संपवला. मग म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण आता तुम्हीच उभ्या राहा. सहानुभूतीची लाट आहे."

"नाना, मला पोहता येत नाही," मी म्हटलं.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नानांनी ते हो धरलं आणि प्रचाराला लागले. मी उभी राहीन न राहीन, पण मत तर द्यायचंच होतं. ज्यांना पाडायचं वसंतने ठरवलं होतं त्यांना द्यायचं, की नाही? उन्हाळाभर मी तेवढाच विचार करत होते. खरं सांगायचं तर दुसरं काही सुचू नये म्हणून करत होते.

*

ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य आलं. मतदान राहिलं बाजूला. पुढे भारतीयांना बाहेर काढायला बसेस सुरू झाल्या. एका शाळेच्या मैदानात आठल्ये टेबल टाकून मंडळाच्या सभासदांच्या याद्या करत बसले. पहिल्या बसच्या यादीत नाव होतं साळुंखे. पाठोपाठ खैतानचे सगळे.

नाना बसमध्ये चढायला तयार होईनात. "हा डाव आहे. आमची मतं आधी देशाबाहेर काढताय."

हसनभाई सोडायला आले होते. ते म्हणाले, "अरे नाना, अख्खा मुल्क रिकामा होतोय, आणि तुम्ही मतं कसली मोजताय?"

आठल्येंनी यादीतून मान वर केली नाही. "साळुंखे, चढा. तुमचं मत पोस्टाने मागवू."

पोस्ट बंद होऊन महिना झाला होता.

"लेखी द्या," नाना म्हणाले.

आठल्येंनी दिलं. हिरव्या शाईत, सहीनिशी. मगच बस हलली.

*

त्याच बसमध्ये मी होते. जॉर्डनच्या वाळवंटात तंबूत आठवडाभर राहिलो. प्यायला पाणी मोजून, अंगात तेच कपडे. नाना रोज सकाळी तंबूतंबूतून फिरून यायचे आणि मला आकडा सांगायचे. "वहिनी, पलीकडे सात आहेत आपले. शिवाय एक डॉक्टर फुटलाय."

शेजारची बाई म्हणाली, "यांच्या डोक्यावर परिणाम झालाय."

मला तसं वाटलं नाही. मतं मोजणारा माणूस परत जायचं आहे हे धरूनच मोजतो. मीही मग त्यांच्याबरोबर मोजू लागले.

*

एक्याण्णवच्या शरदात मला हॉस्पिटलने परत बोलावलं. तेलविहिरी अजून जळत होत्या, वाळत घातलेल्या चादरीवर काजळी बसायची. नाना आधीच आले होते. हसनभाई गेलेच नव्हते. आठल्ये शेवटच्या बसने निघाले होते आणि परतायला पहिले होते, असं म्हणतात. त्यांच्या हॉस्पिटलच्या स्टोअरात काही उरलं नव्हतं. ते रिकाम्या रॅकना नव्याने नंबर घालत होते.

मंडळाची सभा हसनभाईंच्या दुकानामागच्या खोलीत ठरली. सहा वाजता. सहा वाजले तेव्हा आम्ही तेरा जण होतो. आठल्ये घड्याळाकडे बघत दाराशी उभे राहिले. दार लावलं नाही. सहा दहा झाले, सव्वासहा झाले. सहा वीसला नाना धापा टाकत आले. आठल्येंनी आणखी दहा मिनिटं रस्त्याकडे बघितलं आणि मग दार नुसतं लोटून घेतलं.

नानांनी खिशातून बसपाशी लिहून घेतलेली ती चिठ्ठी काढली. घड्यांवर फाटलेली. आठल्येंनी तिच्यावर "सभासद प्रत्यक्ष हजर" असं लिहून सही केली आणि परत दिली.

मी उभी राहणार नाही असं सांगितलं. दुसरं कोणी उठेना. खुद्द नाना म्हणाले, "बिनविरोध करून टाका." आठल्ये म्हणाले, "घटनेत बिनविरोध नाही. चिठ्ठीवर ज्याला ज्याचं नाव लिहायचं त्याने लिहावं." हसनभाईंचं निळं बॉलपेन हातोहात फिरलं. चहाच्या खोक्यात चिठ्ठ्या पडल्या.

मी लिहिलं : आठल्ये.

हसनभाई एकेक चिठ्ठी वाचू लागले. आठल्ये. आठल्ये. आठल्ये. तेरा वेळा. चौदावी उघडली आणि ते थांबले. आधी आठल्येंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वसंत दाते," त्यांनी वाचलं.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नाना हळूच म्हणाले, "ही चिठ्ठी... नियमाने बाद धरावी लागेल ना?"

"वैध आहे," आठल्ये म्हणाले. "त्यांचं नाव मी यादीतून कमी केलेलं नाही."

तेरा विरुद्ध एक अशी नोंद झाली. आठल्येंनी भाषण केलं, चाळीस मिनिटं. निघताना नाना माझ्याजवळ आले. "वहिनी, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

मी पिशवी उचलली. हसनभाईंनी चहाचा एक पुडा माझ्या पिशवीत टाकला आणि त्याच्याबरोबर घडी केलेली ती चिठ्ठी. "वहिनी, ही तुमच्याकडे असू द्या."

घरी येऊन मी ती उघडली. हिरव्या शाईत होती.