चुलत्याच्या बाजूचा गोल

सोनू घाडी मैदानात उतरला की आधी गोलाच्या दोन्ही खांबांची विचारपूस करी. उजव्या खांबाला तो 'मामा' म्हणे आणि डाव्याला 'चुलतो'. बुटाच्या टाचेने मामाला हलकेच ठोकायचं, "काय मामानू, बरे असात मां?" म्हणायचं, मग रमतगमत डावीकडे जायचं आणि चुलत्याकडे नुसतं डोळे वटारून बघायचं. मी संघात नवा होतो तेव्हा विचारलं, "दादा, असा भेदभाव का?" तर म्हणाला, "मामाक लागलेलो बॉल भायर जाता. चुलत्याक लागलेलो आत येता. गावच्या जमिनीचा पण तसाच." कणकवलीकडे बांधावरून त्याचा चुलत्याशी दावा चालू होता, त्यामुळे या विषयातला त्याचा अधिकार कुणी नाकारत नसे.

सोनूदादा आमच्या परळच्या गिरणीच्या फुटबॉल संघाचा गोली. फुटबॉलवर पोट भरणारा माणूस, पण सगळा मामला गिरणीच्या तऱ्हेचा. त्याला घेतलं होतं बदली कामगार म्हणून, म्हणजे कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत घरी. लेबर ऑफिसर कामतसाहेब संघाचे सर्वेसर्वा. संघ जिंकला की ते सोनूदादाला घडीखात्यात पाठवत. तिथे पंख्याखाली कापडाच्या घड्या घालायच्या. हरला की ब्लोरूम, जिथे कापसाच्या गासड्या फोडतात आणि माणूस पाळी संपल्यावर पिंजून निघाल्यासारखा बाहेर पडतो. इतर गोलींची कारकीर्द वर्तमानपत्रातून कळे. आमच्या गोलीची त्याच्या भुवयांवरून कळायची. काळ्या दिसल्या तर संघ फॉर्मात, पांढऱ्या दिसल्या तर चाळीतल्या बायकाही हळहळत, "हरले वाटतं मेले!"

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सकाळी प्रभातफेरी, संध्याकाळी सभा, आणि मध्ये वेळ उरला तर मॅच. लोकांच्या जिभेला वळण असं पडलेलं की मैदानावरही कुणी "गोल!" म्हणून ओरडलं की अख्खी गर्दी उत्तर देई, "झालाच पाहिजे!" सोनूदादाची यात फार कुचंबणा व्हायची. घोषणेचा पहिला शब्द कानावर पडला की त्याची मूठ आपोआप वर जाई आणि मग आपण कशाला पाठिंबा दिला ते ध्यानात येई. एकदा कॉर्नर किक होती, तेव्हा तो गोल सोडून प्रेक्षकांकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "मुंबई मिळाकच होयी, पण माझ्या गोलात कोण काय मागत असात तर तो महाराष्ट्रद्रोही!" कॉर्नर मारणारा हसत सुटला आणि चेंडू थेट बाहेर गेला.

मी त्याच्या पुढ्यात फुलबॅक खेळत असे. कूपरेजच्या मैदानावर संध्याकाळी उन्हाची तिरीप गोलीच्या डोळ्यांवर येते. तेव्हा सोनूदादा डोळे किलकिले करून सरळ माझ्या हवाली व्हायचा. "वसंता, माका दिसणा नाय. तू बोल." मी "धर" म्हटलं की तो झेपावे. "सोड" म्हटलं, म्हणजे चेंडू बाहेर चाललाय, की तो दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राही. "हात मोकळे ठेवलंय तर ते मधेच वळवळतत," हे त्याचं स्पष्टीकरण. पलीकडचा फुलबॅक गळा फाडून ओरडला तरी तो जागचा हलत नसे. आवाज माझाच लागायचा. "वसंतो म्हणजे माझो सिग्नल," असं तो चहाच्या दुकानात कुणालाही सांगे. सिग्नलला त्यावेळी फार बरं वाटे.

आता मला जे सांगायचंय ते मी इतकी वर्षं टाळत आलो, आणि इथेही खांबांच्या, भुवयांच्या गोष्टी सांगत टाळतच आलो.

गिरण्यांच्या स्पर्धेची फायनल होती. कामतसाहेबांनी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, "घाडी, कप आण, तुला कायम करतो. घडीखात्यातच." कायम म्हणजे पहाटे गेटवर उभं राहून नशीब विचारायचं नाही. सोनूदादाने गावाहून बायकोला आणायचं ठरवलं होतं, कामगार चाळीत खोलीही बघून ठेवली होती. त्याच मॅचला माझे होऊ घातलेले सासरे प्रेक्षकांत बसले होते. ते साचाखात्यात, म्हणजे मागांवर, हेड जॉबर, तिथल्या कामगारांचे मुकादम. मुलगी द्यावी की नाही यावर त्यांचा विचार चालू होता, आणि तो चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. आपला जावई मैदानावर कसा हुकूम चालवतो हे त्यांना दिसावं म्हणून मी त्या दिवशी विनाकारण ओरडत होतो. थ्रो-इन असला तरी ओरडत होतो.

शेवटची काही मिनिटं, बरोबरी, ऊन बरोबर समोर. समोरच्यांच्या एका पोराने लांबून एक मरगळलेला चेंडू मारला. तो चुलत्याच्या बाजूने बाहेर जातोय असं मला वाटलं. खरं म्हणजे मी नीट बघितलंच नाही. माझं लक्ष सासऱ्यांकडे होतं. मी एक हात उंचावून, छाती काढून, ऐटीत ओरडलो, "सोड!"

सोनूदादाने हात पाठीमागे बांधले.

चेंडू संथपणे आला, चुलत्याला लागला आणि आत गेला. सत्यनारायणाच्या पूजेत मागे उभा असलेला पाहुणा जसा प्रसादाची वाट बघतो, तसा आमचा गोली हात बांधून उभा. सबंध कूपरेजने ते पाहिलं. मी ओरडलेलं गोंगाटात दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं. मॅच संपल्यावर सासरे तंबाखू मळत म्हणाले, "गोली आहे की बुजगावणं? हात बांधून उभा!" आणि माझ्याकडे बघितलं.

मी मान डोलावली.

ओरडण्याचं मला इतकं वाटत नाही. चूक कुणाचीही होते. त्या मान डोलावण्याने माझं लग्न जमलं. सोनूदादा तिथून हातभर अंतरावर बुटाच्या नाड्या सोडत होता. कामतसाहेबांनी विचारलं, "घाडी, काय केलंस हे?" तर इतकंच म्हणाला, "चुलत्यान घात केल्यान, साहेब." सोमवारी तो ब्लोरूममध्ये गेला. गावाहून बायको आली नाही. माझ्या लग्नाच्या पंगतीत तो जिलब्या वाढत होता आणि त्याच्या भुवया पांढऱ्या होत्या.

पुढे चळवळीच्या धामधुमीत एकदा लालबागच्या नाक्यावर आम्ही मोर्चात होतो. त्या दिवसांत नाक्यानाक्यावर पोलिसांच्या गोळीबारात माणसं पडली. त्यावर विनोद करायची माझी लायकी नाही. मी फक्त सोनूदादाने केलं ते सांगतो. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. एक नळकांडं धूर ओकत उंचावरून आमच्याकडे येऊ लागलं. लोक पळाले. सोनूदादा मात्र नजर वर लावून दोन पावलं डावीकडे सरकला आणि त्याने गुडघे वाकवले. मी जीव तोडून ओरडलो, "सोड! दादा, सोड, सोड!"

त्याने ते धरलं. दोन्ही हातांनी, छातीशी, अगदी वळणदार. मग "आवशीक खाव, तापलासा!" अशी आरोळी ठोकून त्याने अशी ड्रॉप-किक मारली की नळकांडं पोलिसांच्या गाडीपलीकडे जाऊन पडलं. खोकता खोकता कुणीतरी ओरडलं, "गोल!" आणि खोकणाऱ्या सगळ्यांनी उत्तर दिलं, "झालाच पाहिजे!" सोनूदादाचीही मूठ वर गेली, पण बंद होईना. दोन्ही तळवे भाजले होते.

माझ्या मनात एकच आलं. याने माझं ऐकणं सोडलं.

मोर्चात गेलेल्यांना व्यवस्थापन हुडकत होतं. बदलीवाल्याला काढायला एवढं कारण पुष्कळ. कामतसाहेबांनी संघाला बोलावलं. "घाडी, हातांना काय झालं?"

सोनूदादाला खोटं बोलता येत नसे. तो म्हणाला, "साहेब, बॉल गरम होतो."

साहेब पुढचं विचारायच्या आत मी म्हणालो, "चहाची किटली, साहेब. माझ्या हातून उलटली याच्या हातांवर. चूक माझी." केलेली चूक मला कबूल करता आली नव्हती, न केलेली मी फडाफड कबूल केली. गोली जायबंदी केल्याबद्दल मला संघातून काढलं आणि ब्लोरूममध्ये धाडलं. सासरे आठवडाभर घरात म्हणत होते, "किटली धरता येत नाही, पोरगी दिली याला!"

बाहेर पडल्यावर सोनूदादाने विचारलं, "खयची रे किटली?"

"गप रहा, दादा."

"खोटा बरा बोलतंस तू," तो म्हणाला. कौतुकानेच म्हणाला. पण ते मला नळकांड्यापेक्षा जास्त भाजलं.

पुढे कितीतरी दिवस आम्ही दोघं ब्लोरूममधून एकाच रंगाच्या भुवया घेऊन बाहेर पडत होतो. सांगायला वेळ होता. यंत्रांच्या आवाजात ऐकू येणार नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

राज्य झालं त्या वर्षी त्याने आखडलेल्या बोटांनी, खरं तर पोटाने, एक पेनल्टी अडवली. कामतसाहेबांनी त्याला कायम केलं. प्रेक्षक सवयीने ओरडतच होते, तर तो म्हणाला, "राज्य झाला मां? आता गोल नाय झालो तरी चालात." मग बायको आली, खोली मिळाली, यथावकाश तो म्हातारा होऊन घडीखात्यातून निवृत्त झाला.

गेल्या महिन्यात सासरे वारले. दिवसकार्य आटोपल्यावर मी चिंचपोकळीला सोनूदादाकडे गेलो. तो खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसतो, बरोबर चौकटीच्या मधोमध. येणाऱ्याला त्याला चुकवूनच आत जावं लागतं. मी अंग चोरून आत शिरलो, चहा घेतला, गुडघेदुखीची चौकशी केली. आणि मग एका दमात सांगून टाकलं. सासरे, ऊन, सोड, मान डोलावली, सगळं. इतकी वर्षं घोकलेलं होतं, तरी मध्ये दोनदा चुकलो.

तो वाकड्या बोटांनी सुपारी चाचपत होता.

"तू ओरडल्लंस?" तो म्हणाला. "खयचा? माका आयकाकच येवक नाय."

"दादा, तू हात बांधलेस."

"ते माझे मीच बांधलंय. माका वाटला, जाता भायर."

"माझ्या शब्दाशिवाय तू कधी—"

"तुजा मिया कधी आयकलंय रे?" तो एकदम चिडला. "लालबागेक नळकांडा येय होता, तेव्हा घसो फोडून सांगी होतंस मां सोड सोड? सोडलंय मिया? मगे!"

पुरावा बिनतोड होता. फक्त क्रम उलटा होता, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी तोंड उघडलं, तर त्याने सुपारीचा हात माझ्यावर रोखला.

"तो गोल माजो. इतकी वर्षा मिया सांभाळलंय. आता म्हातारपणी तेच्यात वाटो मागूक येव नको. चुलतो झालंस काय माजो?"

मी निघालो. चौकटीत तो बसलेला, दोन्हीकडे एकेक माणूस जेमतेम जाईल एवढी फट. मी डावीकडून निघत होतो. त्याने माझा दंड धरला, खुर्ची जराशी सरकवली आणि उजव्या खांबाला टाचेने हलकेच ठोकलं.

"ह्या बाजून जा," म्हणाला.