देल्माने गावाला दाखवलेली शर्यत

देल्मा श्पात्झला हळू बोलणं कधी जमलंच नाही. कोलोनिया रोसालेस गावच्या टेलिफोन सहकारी संस्थेत ती खांबांवर चढायची, तेव्हा वरून मारलेली तिची हाक थेट बेकरीपर्यंत जायची. पुढे खांब गेले, जमिनीखालून काचेच्या तारा आल्या, देल्माचे केस पांढरे झाले. आवाज मात्र तसाच खणखणीत. म्हणूनच त्या दिवशी ती आत येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "फाउस्तो, निको अंतिम फेरीत पोचलाय," तेव्हा संस्थेचा व्यवस्थापक फाउस्तो घाबरून उभाच राहिला.

निको हेर्ट म्हणजे गावच्या गॅरेजवाल्याचा पोरगा. बापाने बांधलेली गाडी घेऊन तो प्रांताच्या मोटार शर्यतीत उतरला होता.

"रविवारी शर्यत दाखवायची!" देल्माला आवाज परत सापडला. "आख्ख्या गावाला, घरोघरी, आपल्या तारांवरून!"

"मागचं विसरलीस?" फाउस्तोने कपाळाला हात लावला.

मागचं कोण विसरणार? मुलींच्या फुटबॉल संघाचा सामना संस्थेने असाच दाखवला होता. जितकी घरं, तितक्या वेळा तेच चित्र केंद्रातून निघालं आणि तार तुंबली. एका घरात गोल झाला तेव्हा शेजारच्या घरात चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर होता, आणि पलीकडे नुसताच काळा पडदा. पुढे कितीतरी दिवस खाटिक देल्माला मांस देताना विचारायचा, "एकदम देऊ, की तुकड्या-तुकड्याने, थांबत थांबत?"

"या खेपेला चित्र केंद्रातून एकदाच सोडायचं," देल्मा म्हणाली. "चौकाचौकातल्या तारांच्या पेट्या त्याच्या प्रती काढतील. खोड एक, फांद्या लागतील तिथे."

"तुला येतं हे?"

"नाही. शिकते की!"

ती शिकली ग्रिसेलकडून. ग्रिसेल प्रांताच्या राजधानीत इंजिनियर होती, फोनवर तासन्‌तास समजावायची आणि देल्मा मध्येच तोडून पुढचं विचारायची. त्या नादात पहिली चाचणी देल्माने घाईघाईने, सोप्या वाटलेल्या पद्धतीने केली: चित्र सगळीकडे सोडायचं, ज्या पेटीला नको असेल तिने नको म्हणून कळवायचं. पेट्या जुन्या, त्यांना नको म्हणताच येईना. चित्राचा लोंढा सगळ्या गावात शिरला, शाळेचं इंटरनेट बसलं, दवाखान्याचे फोन मुके झाले. औषधवाला तिच्या दारात येऊन ओरडला, "बाई, मी मागितली होती का तुझी शर्यत? मला गोळ्या विकू दे!"

फोनवरून ग्रिसेलने हे ऐकलं आणि ती हसतच सुटली. "बरोबर बोलतोय तो! ज्याने मागितलं नाही त्याला द्यायचंच नाही. ती दुसरी पद्धत आहे, देल्मा. घरातून मागणी निघते, पेटीपेटीने वर चढते, आणि जिथे चित्र आधीच आलेलं असेल तिथे जाऊन जुळते."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"तू बोलू देशील तर ना!"

रविवार उजाडला. दुपारी अंगणाअंगणांतून मांस भाजल्याचा धूर निघत होता. शर्यत सुरू झाली आणि देल्मा पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत राहिली. गावातले सगळे टीव्ही चालू होते, पण केंद्रातून बाहेर जात होतं एका घरापुरतंच चित्र. "एकच! फाउस्तो, एकच जातंय!" तिने त्याला खुर्चीतून ओढून उठवलं आणि गिरकी घ्यायला लावली.

तेवढ्यात फोन वाजला. रेल्वेरुळांपलीकडच्या वस्तीतून तिची आई, ओटिलिया.

"पोरी, निको जागीच थिजलाय."

"चॅनेल बदलून बघ."

"बदललं की येतो. माझा माते चहाचा एक पेला संपेपर्यंत पळतो, मग पुन्हा खांबासारखा उभा. सगळ्या गल्लीचं तेच रडगाणं. मी टेलिफोन एक्सचेंजवर बसायचे तेव्हा असलं काही नव्हतं हो. मी मधूनमधून लाइनवर विचारायचे, 'बोलताय ना अजून?' कोणी हूं की चूं केलं नाही तरच तार काढायचे."

"काय म्हणालीस?"

"तार काढायचे."

"त्याच्या आधी, आई!"

"विचारायचे, म्हटलं."

देल्मा ताडकन उठली. बाकीच्या वस्त्यांत केंद्रातलं मुख्य यंत्र घराघराला सारखं विचारत होतं, 'अजून बघताय का?' रुळांपलीकडे त्याचा प्रश्न पोचतच नव्हता. कोणी विचारत नाही म्हणून कोणी उत्तर देत नाही, आणि उत्तर नाही म्हणून तिथली पेटी समजत होती की सगळे उठून गेले. मग ती आपली फांदी छाटून मोकळी!

त्या पेटीला प्रश्न विचारायला लावायचं, तर तिथे जाऊनच तिला लॅपटॉपची तार जोडावी लागणार होती. फाउस्तोने मोपेड काढली. देल्मा लॅपटॉप पोटाशी धरून मागे बसली आणि सगळा रस्ता त्याच्या कानात ओरडत राहिली, "पळव ना! निको काय तुझ्यासारखा चालवतो का?"

पेटी उघडेपर्यंत गल्ली गोळा झाली. "देल्मा, वाळलं का गं तुझं झाड?"

"वाळेल कशाला? सरका, उजेड येऊ द्या!"

कोणाच्या तरी खिशातल्या रेडिओवर निको तिसरा होता. घाईत देल्माकडून हुकूम दोनदा चुकीचा टाइप झाला, तिसऱ्यांदा पेटीने घेतला.

"जा घरात! बघा!"

गल्ली रिकामी झाली. चित्र लगेच आलं, पण ते टिकायला हवं होतं. देल्मा आणि फाउस्तो उघड्या पेटीपाशीच थांबले. खिडकीतून ओटिलियाने आधी एक रिकामा पेला वर करून दाखवला, मग दुसरा, मग तिसरा. आणि एकदम सगळ्या खिडक्यांमधून, एकाच श्वासात, आरोळी उठली.

"दुसरा! निको दुसरा!"

देल्मा आईच्या घरात धावली. शेवटचा फेरा होता. निकोच्या चाकातून धूर निघत होता, पुढची गाडी हाताच्या अंतरावर होती, आणि देल्मा आईचा खांदा गच्च धरून किंचाळत होती. निको दुसराच आला. तरी लोक पातेली बडवत रस्त्यावर आले, मोटारींचे भोंगे अंधार पडेपर्यंत वाजले. औषधवाल्याने येऊन देल्माच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"दुसरा आला तर एवढा गोंधळ," ओटिलिया म्हणाली, "पहिला आला असता तर माझं छप्पर उडालं असतं."

आठवडाभरात शेजारच्या गावांतल्या संस्थांचे फोन यायला लागले. निवृत्तीच्या गोष्टी करणारी देल्मा संस्थेची गाडी घेऊन गावोगाव शिकवत फिरू लागली. ती इतकी भराभर बोलते की पोरं हात जोडतात, "बाई, जरा सावकाश!" ती हो म्हणते, एक वाक्य सावकाश बोलते, आणि पुन्हा सुसाट सुटते.