चर्चच्या मैदानातले खिळे

ती घटना आठवली की आजही मला आधी एक पत्र्याचा डबा दिसतो, माणसं नंतर आठवतात.

तेव्हा मी पारगावच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावात छोटं चर्च होतं. त्याला लागून मोकळं मैदान. मालकी चर्चची, पण वापर सगळ्या आळीचा. लग्नाचा मांडव तिथेच पडायचा, आणि गळीत हंगामात उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारायला नालबंदही तिथेच बसायचा. रविवारी प्रार्थनेला येणाऱ्यांच्या गाड्यांनी अरुंद रस्ता अडायचा, म्हणून फादरांनी चर्चचं पार्किंग या मैदानात वाढवायचं ठरवलं आणि आळी बिथरली. आज गाड्या येतील, उद्या भिंत येईल, मग आपण जायचं कुठे, असं सुरू झालं. ग्रामसभेत आळीच्या वतीने एक तरुण तावातावाने बोलला, "घाला गाड्या आत, पन चाकं फुटली तर आमाला इचारू नका!" टाळ्या पडल्या. अशी वाक्यं बोलणारा विसरतो, ऐकणारे विसरत नाहीत.

नाताळच्या आधीच्या रविवारी मैदानात पहिल्यांदा गाड्या लागल्या. प्रार्थना संपवून लोक बाहेर आले तर कित्येक गाड्यांची चाकं बसलेली. प्रत्येक चाकात खिळा. पंक्चरवाल्याची दसरा-दिवाळी एकाच दिवशी झाली. आमचं मात्र अवघड झालं. चर्चच्या कमिटीचे लोक तक्रार अर्ज घेऊन आले, त्यांच्या मागोमाग आळीतली माणसं आली, आणि ठाण्याच्या फाटकाशी दोन घोळके उभे राहिले. धर्माचा वास लागलेलं भांडण वेळीच आवरलं नाही तर तालुकाभर पसरतं.

मी अर्जावर चौकशी लावली. दुपारी खबऱ्याचा फोन आला, "सायेब, सभंत बोलला त्योच गडी हाय. काल सांजंला मैदानात वाकून वाकून फिरत व्हता. घरात खिळ्यांचा डबा बी हाय."

पंचांना घेऊन गेलो. त्या तरुणाने स्वतःच माळ्यावरून डबा काढून दिला. अर्ध्याहून जास्त भरलेला. चाकांतून काढलेले खिळे आणि डब्यातले खिळे एकाच जातीचे. माझा फौजदार खूश झाला. "सर, गुन्हा दाखल करून टाकू."

मी थांबलो, त्याला कारण होतं. या तरुणाची एसटीत चालक म्हणून निवड झाली होती आणि त्याची चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्यात पडून होती. गुन्हा दाखल झाला की नोकरी गेली. हे त्यालाही पुरतं ठाऊक होतं.

ठाण्यात आणून समोर बसवला.

"डबा कुणाचा?"

"माजा."

"खिळे?"

"मैदानातले."

"काल तिथे काय करत होतास?"

मान खाली. पुढे अक्षर नाही. गुन्हेगार सहसा भरपूर बोलतो, खोटं रचायला शब्द लागतातच. भीतीने गप्प बसलेलेही मी खूप पाहिले. हा भ्यालेला नव्हता, लाजलेला होता. कशाची लाज, तेच कळेना.

चहा येईपर्यंत मी डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. खिळे वाकडे, झिजलेले, काहींची टोकं तुटलेली, वर शेण आणि काडीकचरा. आंबेगाव तालुक्यात माझ्याही घरी बैल होते. जुनी पत्री उपटली की असेच खिळे पडतात. शनिवारी नालबंद तिथे बसला होता, हे मी लगेच विचारून खात्री करून घेतलं. मग एक साधी गोष्ट लक्षात आली. खिळे पेरणारा माणूस डबा रिकामा करून येतो. हा तर भरून घरी आला होता.

"वेचत होतास ना रे?"

त्याने वर पाहिलं. डोळे भरले होते. "सायेब, ह्ये कागदावर लिवू नका. सभंत मीच बोललो, आन मीच त्यांच्या गाड्यांसाठी खिळे येचले म्हनल्यावर आळीत काय तोंड दाखवू? अंधार पडला, म्हनून समदे गावले न्हाईत."

मला संताप आला. हातची नोकरी चालली होती आणि हा आळीतल्या इज्जतीला कवटाळून बसला होता! पण गावात राहायचं त्याला होतं, माझी तर तीन वर्षांनी बदली होणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बाजूंना बोलावलं. खिळे कुणी टाकले नाहीत, पत्र्या मारताना पडले, एवढंच मी सांगितलं. कमिटीतल्या एकाने विचारलं, "मग त्याच्या घरात डबा कसा?" मी त्या तरुणाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. तेवढ्यात मागून त्याची आई पुढे आली.

"म्या धाडला व्हता. आमच्या दारापुढं पत्र्या माराया बैल पाडत्यात, तर खिळे बी आमीच येचायचे. दरसाल येचतो. दुसऱ्याच्या जनावराच्या पायात घुसला तर पाप कुनाला? औंदा बैलांच्या जागी गाड्या यायच्या व्हत्या, म्हनून न्हाई येचायचे व्हय?"

आळीतला एक जण म्हणाला, "मंग सभंत बोलला त्ये काय?"

"त्ये त्याचं मत हाय," ती म्हणाली. "ह्ये काम हाय."

फादर उठले, त्या माऊलीला हात जोडले आणि माझ्या टेबलावरचा अर्ज मागे घेतला. पार्किंगला आळीचा विरोध होता तसाच राहिला, त्या तरुणाचाही. पुढे तो वाद तहसीलदारांपुढे रीतसर चालला.

जो विरोध करतो त्याच्यावर आधी संशय घ्यायचा, ही आम्हा पोलिसांची सवय. बऱ्याचदा ती खरीही ठरते. पण माणूस एखाद्या गोष्टीला कडकडून विरोध करतो, म्हणून त्याला समोरच्याचं वाईट व्हावंसं वाटतंच असं नाही, हे मला त्या बाईने शिकवलं.

त्या आठवड्यात त्याची पडताळणी मी स्वतः भरली. गुन्हे दाखल: निरंक. प्रलंबित प्रकरणे: निरंक. खाली सही केली आणि नमुना पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. एखाद्याने चांगलं काही केलं असेल तर ते लिहायला त्या नमुन्यात जागाच नव्हती.