पेटीची पाळी
आमच्या नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात साखर आणि मळी वेगळी करणारी चार मशीनं होती. दोन एकदम सुरू झाली की पॉवरहाऊस बंद पडायचं. म्हणून कोणतं मशीन कधी चालू करायचं ते मी ठरवायचो, स्विचबोर्डापाशी स्टूल टाकून, मशीनवरच्या चौघा कामगारांच्या हाका ऐकत. त्यावरच माझं घर चालायचं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका हंगामात पुण्याचे एक साहेब पत्र्याची पेटी घेऊन आले. "प्रत्येक मशीनला बटण दिलंय. दाबलं की पेटी पाळीपाळीनं मशीन चालू करील," म्हणाले.

पहिल्या दिवसापासून मला तिचा राग आला. हिला ना डोळे, ना कान, हिला कळणार काय? आत नुसती टकटक चालायची. यात काहीतरी काळंबेरं आहे, असं मी चहाच्या टपरीवर सांगत सुटलो.

आणि घोळ झालाच. भरलेली मशीनं ताटकळत उभी आणि रिकामी गरगरतायत! आम्ही मुद्दाम बिघाड करतोय, असं साहेबांना वाटलं. ते माझ्याकडे डोळे बारीक करून बघायचे, मी त्यांच्या पेटीकडे.

एका दुपारी चार नंबरच्या मशीनवरचे मामा बटण दाबताना दिसले.

"मामा, मशीन तर मोकळं हाय!"

"आसू दे. पाळी सोडायची न्हाई. एकदा हुकली की पुन्यांदा कवा येतीय?"

मी जामखेडकडचा, आमच्याकडे पाटच नाही. हे चौघे मात्र पाटाच्या पाण्यावरचे शेतकरी. पाण्याची पाळी आली की गरज असो नसो, रान भिजवून घ्यायचं. साहेबांच्या तोंडून 'पाळी' ऐकली आणि चौघांनी बटणं धरूनच ठेवली.

गप्प बसलो असतो तर पेटी पुण्याला परत गेली असती. पण बदमाश ठरून स्टूल राखायचं मला जमेना. मी चौघांना म्हणालो, "हे पाटाचं पानी न्हाई. मशीन भरल्यावरच दाबा."

त्या दिवसापासून पेटी सुरळीत चालली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी आलो तर माझं स्टूल भिंतीकडे सरकवलेलं, वर रिकामी पोती.

सुटताना मामांनी विचारलं, "मंग लेका, उद्यापासनं तुजी पाळी कंची?"

कारखान्यात कामाच्या वेळेलाही पाळीच म्हणतात. पहिली, दुसरी की तिसरी, मला कोणीच सांगितलं नव्हतं.