ब्रिजिटची लिस्ट, माझा जळफळाट

आमच्या ऑफिसात पगार वाढत नाही, किस्से मात्र वाढतात. दुपारी डबे उघडले की कोणीतरी म्हणतं, "अरे मंदार, तो केकवाला सांग ना!" मी सांगतो, सगळे हसतात. मला एकच गोष्ट खटकते. प्रत्येक किश्शात तोंडावर पडणारा मी असतो आणि वाहवा मिळते ब्रिजिटला!

ऑफिस नायगावला, नव्या टॉवरखालच्या गाळ्यात. दुकानदार, क्लासवाले, रिसॉर्टवाले यांच्या गिऱ्हाइकांना आम्ही जाहिरातीचे ईमेल पाठवतो. मी इथला सगळ्यात जुना. ब्रिजिट वसईतल्या होळी गावची, घरी केळीची वाडी, माझ्यानंतर कितीतरी उशिरा आलेली. आमचे मालक सामंत सर. त्यांनी जाहीर केलं, "कळंबच्या रिसॉर्टचं काम तुमच्यापैकी जो आणेल, तो टीम लीड!" मी घरी तसं सांगितलं आणि बायकोनं शेजारणींना पेढे वाटायचं कबूलही करून टाकलं. आता हरून चालणार कसं?

*

वसईतल्या एका फर्निचर सेलमध्ये मी लकी ड्रॉचा डबा ठेवला. ईमेल लिहा, सोफा जिंका! डबा गच्च भरला. माझी ईमेल पत्त्यांची लिस्ट ब्रिजिटच्या दहापट झाली. मुद्दाम तिच्या टेबलापाशी उभा राहून मी सरांना आकडा सांगितला.

ती म्हणाली, "ह्यांना आपले मेल पाहिजेत का, विचारलंस?"

"सोफा पाहिजे म्हणजे मेल पाहिजेच ना!"

पहिला मेल सोडला आणि निम्मे परत आले. लोकांनी सोफ्यासाठी मनाला येतील ते पत्ते ठोकून दिले होते. एकानं तर ईमेलच्या जागी लिहिलं होतं, 'आधी सोफा द्या'!

असे मेल परत यायला लागले की मेलबॉक्सवाल्या कंपन्यांच्या नजरेत पाठवणाऱ्याची पत जाते. मग तुमचे चांगले मेलसुद्धा स्पॅममध्ये जाऊन पडतात. सर लांबूनच ओरडले, "मंदार, टपाल आलंय तुझं! सगळं तुझंच आहे."

ब्रिजिट हसली नाही. हसली असती तर निदान भांडता आलं असतं.

*

मग मी ठरवलं, आपणही लिस्ट साफ करायची. नाताळ जवळ आलेला, एका बेकरीची लिस्ट माझ्याकडे. बघतो तर काय, तीच तीच नावं! मारिया, मारिया, परत मारिया. एकच बाई इतक्यांदा कशाला, म्हणून मी नावावरून सगळ्या डुप्लिकेट उडवल्या. एक मारिया ठेवली, एक पीटर ठेवला. लिस्ट कशी चकाचक!

केकची एकही ऑर्डर येईना. बेकरीवाले अंकल स्वतः ऑफिसात आले.

"अरे बाबा, आमच्या गावात प्रत्येक घरात एक मारिया आहे! सणाच्या तोंडावर तू सगळ्यांना काढलंस?"

मी म्हटलं, "एक ठेवलीये ना, अंकल."

"ती माझी बायको! केक तीच बनवते, ती ऑर्डर कशाला देईल?"

ब्रिजिटनं जुनी लिस्ट शोधली, नावाऐवजी ईमेल पत्ता बघून साफ केली आणि सगळ्या मारिया परत आणल्या. अंकलनी तिला प्लम केक पाठवला. मला त्यातला एक तुकडा मिळाला, तोही तिनंच दिला.

*

तिची स्वतःची पद्धत फार कडक. वर्षभर ज्यानं एकही मेल उघडला नाही, त्याला विचारायचं, 'अजून पाठवू का?' उत्तर नाही आलं तर नाव कट.

एक दिवस सर तिच्यावर भडकले. "ब्रिजिट, ऑफिसचे मेल मला येईनासे का झाले?"

"सर, तुम्ही वर्षभरात एकही उघडला नाहीत. मी विचारलंसुद्धा होतं. तुम्ही तेही नाही उघडलंत."

मला वाटलं, गेली आता! आणि सर काय म्हणाले असतील? "शाब्बास! ह्याला म्हणतात काम!" मी सरांना काढलं असतं तर सरांनी मला काढलं असतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

*

एकदा मी डोकं चालवलं. लोक लिस्टमधून जातातच कशाला? 'मेल बंद करा' हे बटण मी अगदी बारीक, फिक्या रंगात, पार तळाला नेऊन ठेवलं. शोधा म्हटलं!

लोकांनी शोधलं नाही. सरळ स्पॅमचं बटण दाबलं. ऑफिसातून जाणारा प्रत्येक मेल मग स्पॅममध्ये. त्यातच सरांनी मुलीच्या साखरपुड्याची तारीख व्याह्यांना ऑफिसच्या मेलवरून कळवलेली. तिकडून उत्तर नाही. दोन्ही घरांत रुसवेफुगवे.

सर केबिनमधून बाहेर आले. "मंदार, माझ्या पोरीचं लग्न तुझ्या त्या बटणात अडकलंय!"

मेल वाचणाऱ्या मोजक्याच लोकांना आधी पाठवत, हळूहळू वाढवत ब्रिजिटनं आमची पत परत मिळवली. साखरपुड्यात तिला पहिल्या पंगतीला बसवलं. मी वाढत होतो.

*

शेवटी कळंब. मालकीणबाई तिथल्याच, रोखठोक. त्यांनी निम्मी गिऱ्हाइकं मला दिली होती, निम्मी ब्रिजिटला. समुद्राकडच्या हॉलमध्ये आम्ही दोघांनी आपापले आकडे दाखवले. माझे दाखवून झाल्यावर बाईंनी चहा मागवला. ब्रिजिटचे बघून माशांचं जेवण सांगितलं. मी काय ते समजलो.

"काम हिचंच," बाई म्हणाल्या. सरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार!

तेवढ्यात बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. सगळ्यात जास्त मेल उघडणाऱ्यांची यादी होती. पहिलं नाव, 'चिपळूणचा वाघ'.

चिपळूणला कॉलेजात असताना काढलेला माझाच आयडी! ब्रिजिटचे मेल एवढे चालतात कसे, ते बघायला मी तिच्या लिस्टमध्ये गुपचूप नाव नोंदवलं होतं.

"हा कोन गं?" बाई खूश झाल्या. "एकेक मेल धा-धा वेळा उघडतो! आपला लय मोठा चाहता दिसतो. ह्याला एक रात्र फुकट देऊया!"

ब्रिजिटनं माझ्याकडे बघितलंही नाही. "नको, मॅडम. हा सगळं उघडतो, बुक काहीच करत नाही. अशानं आकडे उगाच फुगतात."

मग ती माझ्याकडे वळली. "मंदारदादा, तू सीनियर आहेस. तूच सांग. काढू ह्याला?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "राहू दे गं. वाचतो बिचारा!"