नव्या जहाजाचं पत्र

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी क्रूझचं बुकिंग केलं होतं. जहाज नवंकोरं, त्याची पहिलीच सफर. बायकोने सगळ्या धारवाडभर सांगून ठेवलं होतं. निघायला महिना उरला असताना कंपनीचं पत्र आलं, ते मी तिला मराठीत वाचून दाखवलं. अपरिहार्य कारणांमुळे जहाजाचं बांधकाम लांबलं आहे, नवी तारीख यथावकाश कळवू, सहकार्याबद्दल आभार.

ती भडकली. मी मात्र मसुदा बघत राहिलो. चोख होता. पत्र इंग्रजीत होतं, पण वाक्यं माझीच. सरकारी बांधकाम खात्यात मी जन्मभर हीच कन्नडात लिहिली. अळणावरकडच्या एका गावाला तर पुलाबद्दल दर पावसाळ्याआधी असं एक पत्र जायचं.

"यथावकाश म्हणजे कधी?" बायकोने विचारलं.

"म्हणजे त्यांनाही ठाऊक नाही."

"मग असलं पत्र हातात घेऊन माणसाने करायचं काय?"

पत्रावर जावक क्रमांक पडला की माझं काम संपायचं. असलं पत्र ज्याला येतं, तो माणूस मी पहिल्यांदाच समोर पाहत होतो.