वालूरच्या पायपेटीतली काळी पाच

नववीच्या प्रत्येक नव्या वर्गाला मी पहिल्याच आठवड्यात एक आव्हान देत आलोय — भूत दाखवा आणि माझी स्कूटर घेऊन जा. परभणीत शाळेवर विज्ञान शिकवायला लागून बरीच वर्षं झाली, स्कूटर अजून माझ्याच दारात उभी आहे. अंगात येणं, मांजर आडवं जाणं, अमावास्येला गाडी न काढणं... या सगळ्याची मी मनसोक्त टिंगल केलेली आहे, अगदी बायकोच्या माहेरच्यांसमोरसुद्धा, आणि त्यापायी बोलणीही खाल्ली आहेत. या सदरातले अनुभव मी वाचायचो ते जेवणानंतरची करमणूक म्हणून. यंदा मात्र नववीला ते आव्हान दिलं नाही. का दिलं नाही, तेवढंच लिहितोय.

मला पेट्यांचा नाद आहे. पेटी म्हणजे हार्मोनियम. सुट्टीच्या दिवशी घराच्या पुढच्या खोलीत मी जुन्या पेट्या दुरुस्त करत बसतो. हे काम मला शिकवलं चाचांनी — परभणीतले जुने पेटीवाले, आता हयात नाहीत. चाचांचा एक नियम होता. कुणी पेटी आणली की लगेच स्क्रू काढायचे नाहीत. आणणाऱ्याला आधी म्हणायचे, "बजाव." त्याला येत नसेल तर घरात ज्याला येतं त्याला घेऊन ये म्हणायचे. "मास्टर," मला सांगायचे, "खोलनेसे पैले घरके आदमीसे बजवाके सुनना. पेटी में किसका गला है, मालूम होना."

मला ही म्हाताऱ्या माणसाची लहर वाटायची. माझ्या मोबाइलवर ट्यूनरचं अ‍ॅप आहे. कुठला सूर किती चढला, किती उतरला ते काटा दाखवतो. गळ्याबिळ्याचा संबंध येतो कुठे!

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत वालूरचे मन्मथआप्पा टेम्पोत घालून एक पायपेटी घेऊन आले. वालूर म्हणजे आमच्या जिल्ह्यातलं, सेलू तालुक्यातलं मोठं गाव. तिथं आप्पांचं कापडाचं दुकान आहे आणि दुकानावरच राहायचं घर. साठीचा माणूस, कपाळाला भस्म, बोलणं मऊ. पेटी बघून मी हरखलोच. आपण मांडी घालून वाजवतो ती हातपेटी. ही तिची थोरली बहीण. खुर्चीवर बसायचं, दोन्ही पायांनी भाता मारायचा, दोन्ही हात वाजवायला मोकळे. मुळात ही युरोपातली वस्तू, तिकडे चर्चमध्ये आणि दिवाणखान्यांत वाजणारी. आपल्याकडे आली तेव्हा आपण पडलो जमिनीवर बसणारी माणसं, मग इथल्या कारागिरांनी तिचे पाय काढले आणि भाता पाठीमागे लावला. आप्पांच्या आजोबांनी ही पेटी निजामाच्या काळात हैद्राबादेत घेतली आणि रेल्वेनं सेलू स्टेशनवर आणून उतरवली होती. आतल्या फळीवर पुसट परदेशी अक्षरं होती. आवाज मात्र काय सांगू... हल्लीच्या पेट्यांचा कर्कशपणा नाही. जरा घोगरा, भरलेला, ऐकताना आपलं बोलणं थांबवावंसं वाटणारा.

"मायसाठी नीट करून पायजे सर," आप्पा म्हणाले. "माय लय थकली आता. श्रावणी सोमवारी ती शिवाचं पद म्हनती पेटीवर. रोज सकाळी बी थोडं गुणगुणती. आधी वडील वाजवायचे, ते गेल्यापासून मी वाजवतो. मला तेवढं एकच पद येतं. पेटी अशी सुरात करून द्या की मायला बरं वाटंल."

चाचा असते तर म्हणाले असते, बजाव. मी म्हणालो, "ठेवून जा."

पेटीत प्रत्येक पट्टीमागे पितळेची एक पातळ जीभ असते, हवेनं ती थरथरते आणि वाजते. तिलाच आम्ही 'सूर' म्हणतो. जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. मात्र घासलेलं पितळ परत लावता येत नाही. ही पेटी एकेरी होती, म्हणजे एका पट्टीमागे एकच सूर. मी सगळे सूर साफ केले, अ‍ॅपच्या काट्यावर लावले. फार काही बिघडलेलं नव्हतंच. मधल्या सप्तकातली काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी, तेवढी भलतीच उतरलेली होती. ती टोकाशी घासून जागेवर आणली. आधी ती किती उतरलेली होती ते लिहून ठेवलं नाही. चुकीचं माप कशाला लिहायचं? पेटी पोचती केली आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

आठ दिवसांनी आप्पांचा फोन. "सर, माय गाईना."

"म्हणजे?"

"बसती पेटीपाशी. सुरू करती अन् एका जाग्यावर येऊन थांबती. म्हनती, ही आपली पेटी न्हाई, बदलून आनली तुमी. आता तर सकाळचं गुणगुणणं बी बंद केलंय. घर कसं मुकं झालंय."

मी वालूरला गेलो. माय म्हणजे काडीसारखं शरीर, पण डोळे लख्ख. आप्पांनी काळी तीनचा षड्ज धरला आणि तिनं आवाज लावला. कापरा होता, पण सुराला पक्का. गांधारावर आली आणि थांबली. काळी तीनपासून गांधार म्हणजे नेमकी काळी पाच! तिनं त्या पट्टीवर बोट ठेवलं.

"हितं न्हाई तो," ती म्हणाली. "मास्तर, लग्न होऊन आले तवापासून हितं गायलेय मी. आता गळा चढवू कुठं?"

कुणीतरी मुद्दाम उतरवलेला सूर मी 'दुरुस्त' करून ठेवला होता.

तरीही माझ्यातला मास्तर हार मानेना. कुठल्याही पट्टीचा षड्ज धरला तरी चालावं म्हणून पेटीचे सूर तडजोडीचे लावलेले असतात; पेटीचा गांधार गळ्यातल्या नैसर्गिक गांधारापेक्षा जरा चढाच असतो. तिला नैसर्गिक गांधार हवा असणार, हे पुस्तकात आहे! मी तिथंच बसून सूर तेवढा उतरवला. मायनं ऐकलं, मान हलवली. "जवळ आला. पन तो न्हाई."

जवळ एक कानस आणि स्क्रूड्रायव्हर तेवढे होते, बाकी हत्यारं घरी होती, म्हणून पेटी पुन्हा परभणीला आणली. रोज संध्याकाळी जीभ बुडाशी अगदी हलक्या हातानं घासायचो, ऐकायचो. नेमकं कुठं थांबायचं तेच ठाऊक नव्हतं. शेवटच्या श्रावणी सोमवारच्या आदल्या दिवशी कानस जरा जास्त फिरली आणि जीभ बुडापाशी तुटली. जुनं पितळ, दोष त्याचा नाही. बायको चहा घेऊन आली, माझ्याकडे बघून कप ठेवून गेली. एका म्हातारीचं उरलंसुरलं गाणं मी माझ्या हातानं मोडलं होतं.

माझ्याकडच्या जुन्या सुरांतला एकही त्या फळीत बसेना, मापंच वेगळी. नवा घडवून घ्यायचा तर बाहेरगावी सांगावं लागणार, महिना जाणार. शेवटी मी त्या सुराखालचं हवेचं भोक चामड्याचा तुकडा चिकटवून बंद केलं, म्हणजे निदान हवा फुसफुसणार नाही. मनाची समजूत घातली की चुकीचा सूर असण्यापेक्षा नसलेला बरा. आप्पा पट्टी दाबतील, काही वाजणार नाही, माय आपल्या गळ्यानं पुढं जाईल. तुटलेल्या जिभेचे दोन तुकडे काडेपेटीत घालून शर्टाच्या खिशात टाकले. पेटी देताना सगळं खरं सांगायचं असं ठरवलं होतं.

श्रावणी सोमवारची शाळा अर्धी असते. दुपारी टेम्पोतून पेटी घेऊन वालूरला पोचलो. घरात पाहुणे, फराळाची गडबड. आप्पा दारातच हात जोडून उभे. "आली माझ्या मायची पेटी!" त्या चेहऱ्यापुढं माझी जीभ रेटेना. खरं सांगायचं तर घाबरलो.

माय पाटावर बसली. आप्पांनी भाता मारला, पद सुरू झालं. सवयीनं मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं, पण माझे डोळे आप्पांच्या बोटांवर होते. षड्ज झाला, ऋषभ झाला. आप्पांचं बोट काळी पाचवर गेलं, पट्टी खाली दबली.

आणि गांधार वाजला.

स्पष्ट, घोगरा, पुस्तकातल्या गांधारापेक्षाही खाली, आणि त्या जागी इतका योग्य की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मायचा आवाज त्यावर जाऊन टेकला आणि तसाच पुढं निघाला. पदात तो सूर पुन्हापुन्हा येत होता आणि प्रत्येक वेळी वाजत होता. तिनं अख्खं पद म्हटलं. शेवटी आप्पा रडत होते आणि मी घामानं भिजलो होतो.

लोक फराळाला उठले तसा मी पेटीपाशी गेलो. स्क्रू काढले, फळी उचलली. चामडं मी चिकटवलं होतं तसंच होतं, कडासुद्धा सुटलेली नव्हती. फळी परत लावून भाता मारला आणि काळी पाच दाबली. काही नाही, साधी फुसफुससुद्धा नाही. शेजारच्या सगळ्या पट्ट्या खणखणीत वाजत होत्या. खिशातली काडेपेटी उघडली. दोन्ही तुकडे जागेवर.

"रिकामी हाय ना ती?"

माय मागं उभी होती, भिंतीला धरून.

"हो माय," मी म्हणालो. "सूर मोडला माझ्या हातून. सांगायची हिंमत झाली नाही."

ती हळूच खाली बसली. रागावेल म्हणून मी वाट बघत होतो. पण ती त्या पट्टीवरून नुसता हात फिरवत राहिली.

"आमच्या मालकांनी घासला व्हता तो," ती म्हणाली. "नवी नवरी व्हते मी. गळा तिथंच बसायचा माझा, वर जायचाच न्हाई. सासरे म्हनले, सुनंला सुरात गाता येत न्हाई. तवा मालक कानस घेऊन बसले. म्हनले, मानसाला ओढत पेटीपाशी कशाला न्यायचं? पेटीच आनू की मानसापाशी." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मी हाय तवर आप्पाला सांगू नका. भिईल त्यो."

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. माझा कान फसला असेल, भास झाला असेल, अशी फार आशा होती. पण सूर त्यात आहे. अ‍ॅपचा काटाही तो दाखवतो, मी कधी लिहून ठेवलं नव्हतं त्या मापासकट. श्रावणातला दमटपणा, भिंतीचा प्रतिध्वनी, दुसऱ्या सुराचा उपस्वर... सगळं तपासून झालं. एकेरी पेटीत चामड्यानं बंद केलेल्या भोकातून यातलं काहीच वाजू शकत नाही. नवा सूर मी मागवला आणि त्याच मापाला लावून ठेवला. पण घेऊन जायला पाय निघेना.

थंडीत माय गेली. झोपेतच, सुखानं.

महिन्याभरानं आप्पांचा फोन आला. "सर, पेटीची एक पट्टी वाजंना. काळी पाचवी."

"कधीपासून?" मी विचारलं.

"माय गेल्यापासून. त्याच्याआधी तर रोज सकाळी वाजायलीच व्हती की."

मी नवा सूर घेऊन वालूरला गेलो. आप्पांच्या समोरच फळी उघडली, आता लपवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी वाकून बघितलं. "हे चामडं कवा लावलं?"

"श्रावणात," मी म्हणालो, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. आप्पा खुर्चीत बसले. मला वाटलं, आता हाकलून देतील. मग म्हणाले, "घाला सर सूर. वडलांच्या मापाचाच घाला."

मी घातला. अ‍ॅपच्या दृष्टीनं तो चुकीचा आहे. हल्ली माझ्याकडे पेटी आली की आधी घरच्या माणसाला वाजवायला लावतो आणि मोबाइल खणात ठेवतो. पण श्रावणापासून थंडीपर्यंत त्या बंद भोकातून काय वाजत होतं, याचं स्पष्टीकरण माझ्याजवळ तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. वाचकांपैकी कुणा जाणकाराला सुचलं तर जरूर कळवावं, मी मनापासून ऐकेन.

परवा आप्पा परभणीला आले होते. सूर उत्तम वाजतो म्हणाले. जाताना दारात थांबले.

"सर, भात्याला काही केलं का तुमी?"

"नाही. का?"

"मधले चार महिने, माय व्हती तवर, भाता लय हलका चालायचा. नुसता पाय ठेवला की पेटी बोलायची. आता एका पदात पाय भरून येतात."

भात्याला मी हातसुद्धा लावलेला नव्हता. तेवढंच त्यांना सांगितलं.